बेसचा आवाज आणि इक्यू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिक्सिंग, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो बेस. गळा, गिटार, झांजा हळूहळू आपापल्या जागी बसतात. बेस मात्र एकतर सगळ्यांच्या अंगावर पसरतो, नाहीतर नाहीसाच होतो. पुढची उत्तरं मुख्यतः बेस गिटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, सिंथ बेसचा प्रश्न वेगळा घेतला आहे. इक्यू (इक्वलायझर) म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन. हर्ट्झ (दर सेकंदाची कंपनं) आणि डीबी (डेसिबल, आवाजाचा जोर) यांचे आकडे सुरुवात कुठून करायची ते सांगण्यापुरते आहेत. तुमच्या ट्रॅकवर ते थोडे इकडे-तिकडे सरकणारच.

इक्यू उघडण्याआधी काय तपासावं?

या गाण्यात बेसचं काम काय आहे ते. तो खालून नुसता आधार देतोय, ताल पुढे ढकलतोय, की स्वतःची वेगळी धून वाजवतोय? आधार देणाऱ्या बेसला धार काढली तर तो गायकाला आडवा जातो. धून वाजवणाऱ्या बेसचा मधला भाग कापला तर वादकाने काय वाजवलं ते कोणाला कळतच नाही. हे ठरलं नसेल तर प्लगइनमधली (सॉफ्टवेअर इक्यूमधली) घुंडी कुठल्या दिशेने फिरवायची हेही ठरत नाही.

मग फेडर, म्हणजे ट्रॅकचा एकूण आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी. "बेस कमी पडतोय" अशा तक्रारीत कित्येकदा फेडर दीड-दोन डीबी वर नेला की काम संपतं.

आणि तिसरी गोष्ट, आवाज बराचसा वाजवतानाच घडलेला असतो. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सन यांचं उदाहरण घ्या. १९६२ची प्रिसिजन बेस, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट. तो गोल, लवकर मिटणारा, तरीही ठसठशीत सूर तिथेच तयार झालेला होता. नव्या कोऱ्या राउंडवाउंड (खरबरीत गुंडाळीच्या) तारांवर पिकने वाजवलेल्या ट्रॅकमधून तो इक्यूने काढता येणार नाही. वरची चकाकी कापता येईल, पण सूर किती वेळ रेंगाळतो ते इक्यू बदलू शकत नाही. रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर तारा, पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाची) निवड आणि हात कुठे ठेवून वाजवायचं यावर अर्धा तास घालवा. पुढचे अनेक तास वाचतात.

बेस गिटारचे सूर नेमके किती हर्ट्झवर असतात?

चार तारांच्या बेसची नेहमीची जुळवणी धरली तर मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झ, ए तार ५५, डी तार ७३.४ आणि जी तार ९८ हर्ट्झ. पाच तारांच्या बेसवरची खालची बी ३०.९ हर्ट्झवर येते. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) प्रत्येक आकडा दुप्पट होतो. चोवीस फ्रेटच्या वाद्यावर जी तारेचा शेवटचा सूर ३९२ हर्ट्झचा असतो.

हे झाले मूळ सूर. प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही वाजत असतात. मोकळ्या ई तारेवर तर बऱ्याचदा ४१ हर्ट्झच्या मूळ सुरापेक्षा ८२ हर्ट्झचा उपस्वरच जोरात असतो. "बेस म्हणजे ६० हर्ट्झ" हा समज इथेच कोलमडतो. बेस गिटारचा आवाज चाळीसपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, आणि ऐकणारा त्याला ओळखतो ते बहुतेक वेळा वरच्या भागावरून.

कोणत्या पट्ट्यात काय ऐकू येतं?

साठ हर्ट्झच्या खाली जे आहे ते ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतं. मोठ्या सबवूफरसमोर छातीत भरणारा तो खर्ज. तो हवा, पण जपून, कारण जागा सगळ्यात जास्त तोच खातो आणि मीटर वर नेणाराही तोच. साठ ते सव्वाशेच्या दरम्यान वजन असतं. गाण्याला पाया आहे असं वाटतं ते या भागामुळे.

सव्वाशे ते अडीचशे हा अंगाचा भाग. इथे कमी असेल तर बेस पोकळ वाटतो, जास्त असेल तर घुमायला लागतो. याच भागात बाकीची अर्धी वाद्यंही राहायला आलेली असतात, त्यामुळे बेस एकट्याने ऐकताना जो भरदारपणा आवडतो तोच मिक्समध्ये चिखल करतो. अडीचशे ते पाचशेमध्ये कोंदटपणा सापडतो, बंद कपाटात वाजवल्यासारखा. इथून दोन-तीन डीबी काढले की बेस चटकन स्वच्छ होतो. म्हणून हा कट सवयीचा होऊन बसतो, आणि माझ्या मते तिथेच गडबड होते. सरसकट चारशे हर्ट्झ कापलेले बेस सुटे सुटे वाटतात. खाली एक ढीग, वर थोडी खरखर, आणि दोन्हींना जोडणारं काही नाही.

पाचशे ते हजार-बाराशे या भागाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. बेसचा गुरगुराट, लाकडीपणा आणि मुख्य म्हणजे कोणता सूर वाजतोय ते ओळखू येणं, हे सगळं इथे असतं. त्याच्या वर दीड ते तीन हजारमध्ये बोटाचा किंवा पिकचा आघात, आणि तीन ते पाच हजारमध्ये तारांची करकर आणि फ्रेटची टकटक. त्यापलीकडे बेस गिटारमध्ये फारसं काही नसतं. ॲम्पचा फसफसाट तेवढा असतो, तो लो-पास फिल्टरने (ठरलेल्या जागेच्या वरचं कापणाऱ्या) खुशाल काढा.

गाणं फोनवर ऐकलं की बेस गायब होतो. खर्ज वाढवू का?

वाढवू नका. फोनचा इवलासा स्पीकर ४१ काय, १०० हर्ट्झही धडपणे हलवू शकत नाही. तुम्ही खाली सहा डीबी घातले तरी फोनवर काही पोचत नाही, आणि मोठ्या स्पीकरवर मात्र सगळं गाणं त्या सहा डीबीखाली दबून जातं.

इथे कानाची एक करामत उपयोगी पडते. मूळ सूर गाळला आणि त्याचे उपस्वर शिल्लक ठेवले, तर मेंदू त्या उपस्वरांमधल्या अंतरावरून मूळ सूर स्वतःच ओळखतो. ८२, १२३, १६४, २०५ असे उपस्वर ऐकू आले की ४१ हर्ट्झचा सूर वाजतोय असंच वाटतं. तेव्हा फोनवर बेस पोचवायचा तर त्याचे वरचे उपस्वर पोचले पाहिजेत. सातशे ते हजारच्या आसपास रुंद बेल फिल्टरने (एका जागेभोवती काम करणाऱ्या) दोन ते चार डीबी वाढवून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) लावा, त्याने नवे उपस्वर तयार होतात. पूर्ण मिक्समध्ये ते ओरखड्यासारखं ऐकू आलं तर कमी करा. एकट्याने ऐकताना किंचित उद्धट वाटणारा बेस गाण्यात गेला की बरोबर बसतो.

सोलो करून इक्यू करावा का?

सोलो म्हणजे बाकीचे ट्रॅक बंद करून एकच ऐकणं. दोष शोधायला तो वापरा: गुणगुण, खोक्यातल्यासारखा आवाज, तारेची नकोशी किंचाळी. बाकी सगळे निर्णय पूर्ण गाणं चालू असतानाच घ्या. बेसला स्वतःचा असा "चांगला" आवाज नसतो, शेजारी कोण आहे त्यावर तो ठरतो.

किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस एकमेकांवर चढतात. काय करावं?

दोघांपैकी तळाशी कोण राहणार ते आधी ठरवा. दोघंही तळाशी राहू शकत नाहीत. किक खोल आणि लांब असेल, मूळ जोर पन्नास-साठच्या आसपास असेल, तर बेसचं वजन ऐंशी ते एकशेवीसमध्ये ठेवा आणि पन्नास-साठला त्याचे दोन-तीन डीबी काढा. किक कोरडी, टपकन वाजणारी आणि ऐंशी-नव्वदला जोर असणारी असेल तर उलट करा. खालची जागा बेसची, किकला ऐंशीवर राहू द्या. बेस लांब सूर धरत असेल तर मी बहुतेक वेळा त्याला खाली ठेवतो, कारण लांब बेस आणि लांब किक एकत्र आल्या की तळ कधी रिकामा होतच नाही आणि ताल बसून जातो.

गाण्याची पट्टीही बघा. किकचा मूळ सूर ५५ हर्ट्झवर आहे आणि गाणं ए मध्ये आहे, म्हणजे बेस सतत ए तारेच्या मोकळ्या सुरावर येणार आणि तोही नेमका ५५. काही ठोक्यांवर दोघं मिळून फुगतील, काहींवर एकमेकांना खातील. अशा वेळी इक्यूशी झुंजण्यापेक्षा किकचं सॅम्पल एखाद-दोन श्रुती सरकवणं किंवा त्याची शेपटी आखूड करणं जास्त कामाचं.

वरच्या बाजूलाही दोघांना वेगळं करता येतं. किकचा टक् तीन-चार हजारला असेल तर बेसचा आघात हजार-दीड हजारला ठेवा. कान दोघांना तिथून वेगळं ओळखतो आणि तळाशी थोडी गर्दी असली तरी खपून जाते.

एवढं करूनही अडत असेल तर डायनॅमिक इक्यू, म्हणजे आवाजाच्या जोरानुसार आपोआप कमी-जास्त होणारा इक्यू, वापरा. किक वाजेल तेव्हाच बेसच्या पन्नास ते ऐंशीच्या पट्ट्यातून दोन-तीन डीबी खाली जावेत आणि पुढचा सूर यायच्या आत परत यावेत अशी वेळ लावा. कट कायमचा नसल्यामुळे किक नसलेल्या जागी बेस पूर्ण अंगाने वाजतो. किकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून पाहायला हरकत नाही, पण हाताने वाजवलेल्या बेसमध्ये प्रत्येक सूर वेगळ्या क्षणी सुरू होतो. एका ठोक्यावर झालेला फायदा दुसऱ्यावर हातचा जातो. प्रोग्रॅम केलेल्या सिंथ बेसमध्ये मात्र त्याने खरोखर फरक पडतो.

मिक्स गढूळ वाटतंय. बेसचे दोनशे हर्ट्झ कापू?

आधी बेस म्यूट करा. गढूळपणा तसाच राहिला तर गुन्हेगार दुसरा कोणी आहे. बहुधा कीबोर्डवरचा डावा हात, एकावर एक चढवलेल्या गिटारी, किंवा माइकच्या फार जवळून गायलेला गळा. माइकच्या जवळ गेलं की खालचे सूर फुगतात आणि ते नेमके दीडशे-दोनशेच्या घरात येऊन पडतात. त्या सगळ्यांना हाय-पास (ठरलेल्या जागेच्या खालचं कापणारा फिल्टर) लावा, कीबोर्डचा डावा हात शक्य असेल तर एक सप्तक वर सरकवा, आणि मग बेस परत आणा. पुष्कळदा त्याला हात लावायची गरजच उरत नाही.

मात्र हाय-पासचा अतिरेकही होतो. साध्या गिटारची खालची ई तार ८२.४ हर्ट्झवर असते. एकट्या गिटारवर गळा असलेल्या कडव्यात गिटारचे दोनशेच्या खालचे सूर कापून टाकले तर तिथे आधारच उरत नाही. सगळी वाद्यं वाजतात तिथे जास्त कापा, उघड्या जागी कमी. ऑटोमेशन (गाण्याच्या ओघात सेटिंग आपोआप बदलणं) त्याचसाठी आहे.

बेसवरही हाय-पास फिल्टर लावायचा?

लावा, पण खाली. चार तारांच्या बेसला ३० हर्ट्झच्या आसपास, दर सप्तकाला १२ डीबी उतार. त्याखाली हात आपटल्याचे धक्के, तारेवरून बोट उचलल्याची धडधड, असलंच काही सापडतं. ते ऐकू येत नाही पण कॉम्प्रेसरला (जोरातले सूर दाबणाऱ्या साधनाला) विनाकारण कामाला लावतं. पाच तारांची बेस असेल आणि खालची बी वाजत असेल तर फिल्टर पंचवीस-सव्वीसवर आणा.

फार खडा उतार टाळा. दर सप्तकाला २४ किंवा ४८ डीबीचा नेहमीचा फिल्टर कापण्याच्या जागेच्या वरही फेज (लाटेची वेळेतली जागा) फिरवतो, आणि सुराची सुरुवात सैल होते. फेज फिरल्यामुळे कधीकधी शिखराचं मीटर कापल्यानंतर वर गेलेलंही दिसतं. प्लगइन बिघडलेलं नसतं, लाटेचा आकार बदललेला असतो.

क्यू किती ठेवावा?

क्यू म्हणजे फिल्टरच्या रुंदीचा आकडा, तो जितका मोठा तितका पट्टा अरुंद. वाढवताना पट्टा रुंद, कापताना थोडा अरुंद. क्यू १.४ म्हणजे साधारण एक सप्तकाची रुंदी. बेसवर वाढवायचं असेल तर ०.७ ते १ मध्ये बहुतेक काम होतं. हा क्यू हातात आला तो पॅरामेट्रिक इक्यूमुळे, ज्यात जागा, रुंदी आणि डीबी तिन्ही बदलता येतात. ध्वनी अभियंते जॉर्ज मॅसनबर्ग यांनी त्यावरचा निबंध १९७२मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीसमोर मांडला. त्याआधीच्या बहुतेक इक्यूंवर रुंदी ठरलेली असायची, आणि त्यांच्यावरही उत्तम बेस घडले. म्हणजे रुंदीची फार बारीक चिंता करू नका.

अरुंद बेल दहा डीबी वर नेऊन तो इकडून तिकडे फिरवायचा आणि वाईट ऐकू येईल तिथे कापायचं, ही पद्धत सर्रास शिकवली जाते. माझा तिला विरोध आहे. दहा डीबी वाढवल्यावर वाईट न वाटणारी जागा क्वचितच सापडते, आणि फिरवत फिरवत तुम्ही पाच-सहा खड्डे खणून ठेवता. आधी डोळे मिटून ऐका आणि काय खटकतंय ते शब्दात सांगा: घुमतंय, कोंदट आहे, लुळं आहे, टोचतंय. मग त्या शब्दाचा पट्टा उघडा.

शेल्फ वापरावा की बेल?

बेल फिल्टर एका जागेभोवती काम करतो, शेल्फ त्या जागेच्या खालचं सगळंच उचलतो किंवा उतरवतो. एकूण वजन हवं असेल तर शेल्फ, एखादा भाग सुधारायचा असेल तर बेल. लो-शेल्फने वाढवताना खाली हाय-पास असू द्या, नाहीतर वीस-पंचवीस हर्ट्झची धडधडही वर येते.

पुलटेक ईक्यूपी-१ए या जुन्या व्हॉल्व्हच्या इक्यूवरची युक्ती इथे सांगायलाच हवी. त्यावर खालच्या बाजूला २०, ३०, ६० आणि १०० अशा चार जागा आहेत, आणि वाढवायची व कापायची घुंडी वेगवेगळी. दोन्ही एकदम फिरवल्या तर त्या एकमेकींना रद्द करतील असं वाटतं, पण दोघींचे वक्र एकसारखे नाहीत. निवडलेल्या जागेला उठाव मिळतो आणि त्याच्या वर, दोनशे-तीनशेच्या बाजूला, हलका खळगा पडतो. वजन येतं आणि चिखल जातो. हे यंत्र किंवा त्याची नक्कल हवीच असं नाही. कुठल्याही इक्यूवर साठला तीन डीबीचा लो-शेल्फ आणि अडीचशेला दोन डीबीचा रुंद कट लावा, त्याच वाटेने जाता.

काही सूर धाडकन येतात, काही दबून जातात. इक्यूने सारखे होतील?

पूर्णपणे नाही. इक्यूला सूर कळत नाहीत, फक्त कंपनं कळतात. समजा मोकळी जी तार फार जोरात येते म्हणून तुम्ही ९८ हर्ट्झला अरुंद कट लावला. आता ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजला की त्याचा मूळ सूर ४९, आणि त्याचा दुप्पट कंपनांचा उपस्वर बरोबर ९८. जो सूर ठीक होता त्याचंही अंग कापलं गेलं.

एक-दोनच सूर त्रास देत असतील तर त्या तुकड्यांचा गेन हाताने कमी करा. कंटाळवाणं आहे, पण याहून स्वच्छ उपाय नाही. अनेक सूर असतील तर कॉम्प्रेसर. ठरावीक पट्टाच कधीमधी फुगत असेल तर त्या पट्ट्यापुरता डायनॅमिक इक्यू. आणि वाद्याच्या मानेवरचा मेलेला बिंदू असेल, जिथे सूर वाजतो पण लगेच विझतो, तर तिथे इक्यू काहीच देऊ शकत नाही. तोच सूर दुसऱ्या तारेवर वाजवून घ्यावा लागतो.

एक शक्यता अजून उरते: सूर सारखेच असतील आणि तुमची खोली खोटं बोलत असेल.

खोलीचा एवढा परिणाम होतो?

होतो, आणि हे मी चांगलंच भोगलं आहे. सुरुवातीच्या काळात माझं टेबल एका लांबट खोलीच्या मधोमध होतं. खोलीची लांबी ४.२ मीटर. दर सेकंदाला ३४३ मीटर हा ध्वनीचा वेग त्या लांबीच्या दुपटीने भागला की साधारण ४१ हर्ट्झ येतात. ही त्या खोलीची पहिली उभी लाट, आणि तिचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. बेसची ई तार ४१.२ हर्ट्झ. म्हणजे मी नेमका अशा जागी बसलो होतो जिथे ई तारेचा मूळ सूर पोचतच नव्हता. मला ई तार पातळ वाटायची, मी ४० हर्ट्झला पाच डीबी चढवायचो आणि समाधानाने फाइल पाठवायचो. गाडीत ऐकलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं: काही सुरांना दारं थरथरतात. मी दोन महिने प्लगइन बदलत राहिलो. शेवटी एका वादक मित्राने खोलीत फिरता फिरता मागच्या भिंतीला टेकून ऐकलं आणि मला तिथे बोलावलं. टेबलापाशी नसलेला तो सगळा सूर भिंतीपाशी साचला होता.

स्वतःची खोली तपासायला शंभर ते तीस हर्ट्झपर्यंत हळूहळू उतरणारा साधा साइन सूर एकाच पातळीवर वाजवा आणि बसल्या जागी ऐका. कुठे फुगतो आणि कुठे नाहीसा होतो ते लिहून ठेवा. टेबल मधोमध असेल तर हलवा. खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसायचा सल्ला नेहमी दिला जातो, सुरुवातीला तो चांगला आहे. भिंतीवर लावलेला पातळ फोम इथे निरुपयोगी आहे. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर असते, तिला दोन इंचांचा फोम जाणवतही नाही. कोपऱ्यांत जाड शोषक ठेवले तर फुगवटे थोडे उतरतात. स्पीकरला लावलेल्या इक्यूनेही फुगवटा कमी करता येतो, पण खड्डा भरता येत नाही, कारण जितकं जास्त पाठवाल तितकंच जास्त रद्द होतं.

हेडफोनमध्ये खोलीच नसते, म्हणून तळाचा निर्णय दोन्हीकडे ऐकून घ्या. आणि ऐकण्याचा आवाज ठरावीक ठेवा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा खूप कमी ऐकू येतात. मोठ्याने मिक्स केलेल्या गाण्याचा बेस हळू लावल्यावर बारीक वाटतो त्यामागे हेच आहे.

डीआय आणि ॲम्पचा माइक, दोन्ही ट्रॅक आहेत. इक्यू कोणावर?

डीआय म्हणजे ॲम्प वगळून बेसमधून थेट घेतलेला ट्रॅक. आधी दोघांची वेळ जुळवा. माइक स्पीकरपासून ३० सेंटीमीटरवर असेल तर आवाज त्याच्यापर्यंत साधारण ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ५७० हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो, म्हणजे बेसच्या ओळखीच्या भागातच. हा खळगा इक्यूने भरू पाहणारे पुष्कळ आहेत. तो ट्रॅक सरकवून जातो.

जुळले की कामं वाटून द्या. तळ डीआयकडे, गुरगुराट ॲम्पकडे. डीआयला आठशे-हजारच्या वर उतरवा, ॲम्पला दीडशे-दोनशेच्या खाली कापा. कापल्यावर पोलॅरिटी पुन्हा उलटवून ऐका, कारण फिल्टरनेही फेज फिरते आणि मघाशी बरोबर असलेलं आता बरोबर असेलच असं नाही.

सिंथ बेस आणि ८०८च्या बेसला हेच लागू होतं?

थोडंफार. मुख्य फरक असा की इक्यू जे आहे तेच वर-खाली करतो, नसलेलं निर्माण करत नाही. १९८०च्या रोलँड टीआर-८०८ यंत्रातल्या लांब किकवरून आलेला बेस जवळजवळ शुद्ध साइनसारखा असतो, त्याला वरचे उपस्वर फारच थोडे. तिथे ८०० हर्ट्झला सहा डीबी चढवले तरी काही घडत नाही. आधी डिस्टॉर्शन किंवा सॅच्युरेशनने उपस्वर तयार करा, मग त्यांच्यावर इक्यू करा. सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लाटेच्या सिंथचं उलट असतं. त्यात उपस्वर भरपूर असतात आणि लो-पासने छाटावे लागतात. तेही शक्यतो सिंथमधल्याच फिल्टरने.

इक्यू कॉम्प्रेसरच्या आधी की नंतर?

कापणं आधी, वाढवणं नंतर. फुगलेला तळ आधी काढला नाही तर कॉम्प्रेसर त्याच्याच तालावर नाचतो आणि मधला भाग विनाकारण दबतो.

लिनियर फेज इक्यू जास्त चांगला ना?

बेसवर सहसा नाही. त्याने फेज फिरत नाही, पण सुराच्या आधीच त्याची हलकी सावली ऐकू येते, आणि खालच्या सुरांवर खड्या उतारात ती जास्त जाणवते. आघाताची धार बोथट होते, शिवाय विलंब वाढतो. समांतर ट्रॅकवर वेगळा इक्यू करताना त्याचा उपयोग होतो. एरवी साधाच वापरा.

बेस मोनोतच ठेवायला हवा का?

तळ, हो. शंभर-सव्वाशेच्या खाली डावं-उजवं वेगळं असलं तर मोनो स्पीकरवर काही सूर रद्द होतात. व्हिनिल रेकॉर्डवर तर दोन्ही बाजूंचा उलट फेजचा खर्ज सुईला वर-खाली हलवतो आणि ती खोबणीतून उडू शकते. कोरस इफेक्टने रुंद केलेला बेस हवा असेल तर साइड भागाला (डाव्या-उजव्यातल्या फरकाला) शंभर-सव्वाशेचा हाय-पास लावा. रुंदी वर राहते, तळ मध्यात.

स्पेक्ट्रम ॲनालायझर बघून इक्यू केला तर?

तो कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते पडद्यावर दाखवतो. मोजमापाला घ्या, निर्णयाला नको. तळाशी त्याची नजर कमकुवत असते. ४४.१ किलोहर्ट्झ आणि ४०९६ नमुन्यांची खिडकी (एका वेळी मोजला जाणारा तुकडा) असेल तर आलेखातलं एक घर सुमारे १०.८ हर्ट्झचं होतं. ई ४१.२ वर आणि त्याच्या शेजारचा एफ ४३.७ वर, म्हणजे अडीच हर्ट्झचं अंतर. दोन्ही सूर एकाच ढिगात दिसणार. खिडकी १६,३८४ किंवा त्याहून मोठी करा, मग चित्र जरा खरं होतं, पण हलतं मंद.

त्यापेक्षा त्याच प्रकारचं, तुम्हाला नीट ओळखीचं एखादं गाणं शेजारी ठेवा. त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका उतरवून घ्या, कारण मोठ्याने वाजणारं नेहमी चांगलं वाटतं. मग फक्त एवढंच ऐका: बेस किकच्या वर आहे की खाली, आणि गळ्यापासून किती मागे.

किती डीबीपर्यंत जाणं योग्य?

चांगल्या रेकॉर्डिंगला दोन-तीन डीबी पुरतात. कोंदट ॲम्प ट्रॅकला आठ डीबीचा कटही लागू शकतो, तो बिनधास्त करा. फक्त प्रत्येक बदलानंतर इक्यूचा आउटपुट असा लावा की चालू आणि बंद दोन्ही वेळी बेस सारख्याच जोरात ऐकू येईल. मग बायपास दाबा. अशी तुलना केली की निम्मे बदल परत घ्यावेसे वाटतात. मी घेतो.

थोडं कमी-जास्त राहिलं तर मास्टरिंगमध्ये (तयार मिक्सवरच्या शेवटच्या कामात) दुरुस्त होईल ना?

एकूण तळ थोडा जास्त किंवा थोडा कमी असेल तर होईल. किक आणि बेसमधला हिशोब चुकला असेल तर नाही. मास्टरिंगला जाते ती फाइल एकच स्टिरिओ असते, आणि तिथे साठ हर्ट्झ उतरवले की बेसबरोबर किकही उतरते. शंका असेल तर मुख्य मिक्सबरोबर बेस एक डीबी वर आणि एक डीबी खाली अशी आणखी दोन मिक्स काढून पाठवा. मास्टरिंग करणाऱ्याची खोली तुमच्यापेक्षा बरी असण्याची शक्यता जास्त. तो तिन्ही ऐकून निवडेल.